माझ्या मापाचा सूर्य

गादीवाले चाचा माणसाकडे आधी पायांपासून डोक्यापर्यंत पाहायचे आणि मग डोक्यापासून पायांपर्यंत. पाहताना त्यांचा उजवा डोळा बारीक व्हायचा, ओठ हलायचे आणि एखादा आकडा ऐकू येईल न येईल असा बाहेर पडायचा. "साडेपाच. कुशीवर झोपता. डाव्या."

आणि तुम्ही खरोखरच डाव्या कुशीवर झोपत असायचात.

जळगावातल्या आमच्या गल्लीत बारा घरं. चाचांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. दुकानात कापूस पिंजायचं मशीन, खोळींची थप्पी आणि एका जुन्या उशीत खोचून ठेवलेली लांब दाभणं. मोजायची टेपही होती, पण ती खिडकीची मोडकी कडी बांधायला वापरलेली. गादी कितीची करायची हे चाचा डोळ्यांनीच ठरवत. तुमच्याकडेही असा एखादा कारागीर असेल, त्यामुळे मी काय सांगतोय ते तुम्हाला कळेल. त्यांच्या हातची गादी अंगाला लागून शिवल्यासारखी असायची.

गल्लीला हे मापणं फार आवडायचं. कोणाकडे जावई आला की सासू त्याला मुद्दाम दुकानावरून चालवत न्यायची. "चाचा, बघा बरं आमच्या जावयाला." चाचा डोळा बारीक करत. "सहा फुटाला एक बोट कमी. पण ताई, हा पाय बाहेर काढून झोपणार, गादी कितीही मोठी करा." गल्ली हसायची. जावई लाजायचा.

मला मात्र ते आवडत नसे.

मी भुसावळकडच्या एका कारखान्याच्या गेटवर काम करतो. आत आगपेटीसुद्धा नेऊ देत नाहीत असा तो कारखाना. सव्वीस वर्षं मी लोकांचे डबे उघडून पाहतोय. माणूस पिशवी कोणत्या हाताने पुढे करतो, नजर कुठे ठेवतो, कारण नसताना हसतो का, हे पाहायचं मला शिकवलेलं आहे. संशय हा आमच्याकडे दुर्गुण नव्हता, ड्यूटी होती. अडचण इतकीच की ती ड्यूटी मला गणवेशाबरोबर खुंटीला टांगता आली नाही. दुधाची पिशवी जड लागली तरी मी ती उजेडात धरून बघायचो. बायको म्हणायची, "अहो, हे घर आहे. इथे गेटपास लागत नाही."

तर असा मी, आणि असे ते. दिवसभर लोकांना न्याहाळून मी घरी यायचो आणि दारात हा माणूस मलाच न्याहाळायचा. पहिल्यांदा त्यांनी मला मापलं तेव्हा म्हणाले, "साडेपाच. उताणे झोपता, पण झोप लागत नाही." मी म्हणालो, "तुम्हाला काय करायचंय?" ते म्हणाले, "झोप हाच तर आपला धंदा शे, साहेब."

माझ्याशी बोलताना ते शहरी मराठी बोलायचे. खुशीत आले की घरच्या बोलीवर यायचे. मला त्यातही काहीतरी लपवाछपवी वाटायची.

आता मुख्य गोष्ट सांगतो. दर वर्षी डिसेंबरात एक दिवस असा यायचा की चाचांचं दुकान दुपारीच बंद व्हायचं. थंडी म्हणजे गाद्या-रजयांचा हंगाम, आणि भर हंगामात शटर खाली. मग आतून ताट वाजवल्याचे आवाज, हसणं, मध्येच कोंबडा आरवावा तसा आवाज. दिवस मावळला की सगळं शांत. दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा सुरू.

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी काहीच नव्हतं. ना आपलं, ना त्यांचं. त्यांचे सण चंद्रावर चालतात, दर वर्षी मागे मागे सरकतात, हे मला ठाऊक होतं. हा दिवस सरकत नव्हता. ही गोष्ट मला खटकली. कोणाच्याच कॅलेंडरात नसलेला सण दार लावून का करायचा?

एकदा विचारलंसुद्धा. "काय असतं हो त्या दिवशी तुमच्याकडे?"

चाचा खुलले. "तो धाकला दिन शे, साहेब! वर्षातला बठ्ठामा धाकला, सगळ्यात लहान. मोठ्या दिवसांचे सण सगळेच करतात. धाकलाना कोन करस? घरात धाकल्याचं कौतुक आधी. म्हणून आम्ही सोंगं काढतो."

"सोंगं?"

"सोंगं. कोणी रात्र होतं, कोणी वारा होतं. मी कोंबडा."

साठीचा माणूस मला सांगत होता की तो कोंबडा होतो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. खोटं कसं ओळखायचं हे मला शिकवलं होतं. खरं कसं ओळखायचं हे कोणी शिकवलं नव्हतं. मी मनात नोंद केली: उत्तर समाधानकारक नाही.

चाचांना चार मुली. तिघींची लग्नं झाली होती. सगळ्यात धाकटी नसीम घरीच होती. तेवीस-चोवीस वर्षांची, पण उंची चार फुटांची. खोळी शिवायचं मशीन ती चालवायची आणि पाय पोचावा म्हणून चाचांनी त्या मशीनचं पायडल उचलून घेतलं होतं. हिशेबात ती तुम्हाआम्हाला ऐकणार नाही इतकी चलाख, आणि बोलायला तिखट. मला ती 'गेटवाले काका' म्हणायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर चाचांचं वागणं मला जास्तच विचित्र वाटायला लागलं. मी सकाळी सातला निघायचो, तेव्हा ते ओट्यावर उभे. संध्याकाळी पावणेसहाला परतायचो, तेव्हाही उभे. आधी हातातल्या घड्याळाकडे पाहायचे, मग माझ्याकडे, आणि मान डोलवायचे. रोज. एकदा तर माझ्या डोक्याकडे इतका वेळ पाहत राहिले की मी टोपी काढून हातात घेतली.

मग त्यांच्या घरी ठिबकच्या जुन्या नळ्या यायला लागल्या. काळ्या नळ्यांची वेटोळी. त्यांच्याकडे शेत नव्हतं. मग तारेचं बंडल आलं. बायकोला म्हणालो, "नळी आणि तार कशाला लागते गादीला?" ती नेहमीसारखी बोलली नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "असेल काहीतरी." आणि ओठ दाबून हसली. माझ्याच घरात माझ्यापासून काहीतरी लपवलं जात होतं.

एका संध्याकाळी मी उशी आणायला दुकानात गेलो. "तुम्हनी उशी तयार शे," म्हणून चाचा ती आणायला आत गेले. नसीमच्या मशीनवर वहीचा एक कागद होता. मी वाकून वाचला; हातातला कागद सोडून दुसऱ्याचा वाचायची मला सवयच आहे. वर लिहिलं होतं: 'शेजारी. जाणे ७, येणे पावणेसहा.' खाली तीन आकडे: ४२, २३, ६६. त्याखाली लाल पेन्सिलीने एक गोल, आणि गोलातून चहूबाजूंनी निघालेल्या रेघा.

चाचांनी आणलेली उशी मी न बघताच काखेत घेतली आणि बाहेर पडलो. नळ्या, तारा, कापूस, माझ्या जाण्यायेण्याच्या वेळा आणि तो फुटल्यासारखा गोल. आमच्या गेटवर एक फलक आहे, 'सावध राहा, कळवा.' तो मी इतकी वर्षं रोज वाचत होतो.

त्या वर्षीच्या धाकल्या दिवशी, दुपारच्या सुटीत, कारखान्याच्या भिंतीआड उभं राहून मी पोलिसांना फोन केला.

हे मी गल्लीत आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. हे छापून आलं तर तिला वाचूनच कळेल.

फोनवर मी त्यांना 'चाचा' म्हणालो नाही. 'तो' म्हणालो. 'तो गादीवाला.' नाव विचारलं तेव्हा म्हणालो, "शेजारी आहे एवढं लिहा."

पावणेसहाला मी गल्लीच्या तोंडाशी आलो, तर जीप उभी. बाराही घरं ओट्यांवर आलेली. चाचांच्या दाराचं शटर वर केलेलं, आणि समोर ते तिघं सोंगांसकट उभे.

चाची अंगभर कापूस चिकटवून थंडी झाली होती. नसीमने पांढऱ्या खोळीचा झगा घातला होता, त्यावर आरशाचे तुकडे शिवले होते, डोक्यावर लहानसा पिवळा फेटा. ती धाकला दिवस होती. चाचांच्या डोक्यावर लाल कापडाचा तुरा, पाठीला झाडूच्या काड्यांचं शेपूट. कोंबड्याने दोन्ही हात जोडले होते. तुरा एका बाजूला कलला होता आणि तो सरळ करायला त्यांनी हात सोडले नाहीत.

गल्लीत कोणीही हसत नव्हतं.

हवालदार चांगला माणूस होता. त्याने काही आरडाओरड केली नाही. आतून एक गाठोडं आणून त्याने ओट्यावर सोडलं. गादीच्या पिवळ्या कापडाचा मोठा गोल अंगरखा, आत तारेचा सांगाडा, डोक्यावर घालायचा तसाच लहान गोल, आणि अंगरख्याच्या कडेने ठिबकच्या नळ्यांचे किरण, प्रत्येकाच्या टोकाला कापसाचा गोंडा.

"हे काय आहे?"

नसीम म्हणाली, "सूर्य."

"आणि हा कागद? बेचाळीस, तेवीस, सहासष्ट?"

"छाती बेचाळीस. डोकं तेवीस. उंची सहासष्ट इंच," ती म्हणाली. "अब्बांनी डोळ्यांनी घेतलंय माप. न सांगता शिवायचं होतं. दर वर्षी सूर्य म्हणून आम्ही नुसतं ताट टांगतो. या वर्षी अब्बा म्हणाले, शेजारी खरा सूर्य आहे. सातला निघतो, पावणेसहाला परततो, एक मिनिट इकडेतिकडे नाही." मग तिने मला पाहिलं. "ते बघा. आले."

बारा घरांनी माझ्याकडे पाहिलं.

हवालदाराला हसू आवरेना. मला म्हणाला, "काय साहेब? तुमचाच आहे म्हणे सूर्य. ओळखता ना यांना?"

मी काय बोललो ते शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, "शेजारी आहेत. जास्त ओळख नाही."

जीप गेली. जाता जाता हवालदार चाचांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी म्हणाला, आणि चाचांनी मान हलवली. गल्ली आत गेली. चाचा ओट्यावर बसून अंगरख्याची घडी घालायला लागले. तारेमुळे ती बसत नव्हती. मी माझं दार लावून घेतलं.

आत बायको माझ्यावर चिडली. "एवढी मजा होती. मला महिनाभर आधी सांगितलं होतं त्यांनी, बोलू नका म्हणून. कोण मेला असला फोन करतो?" मी हातपाय धुवायला गेलो आणि बराच वेळ धूत राहिलो. तिनेच मग सांगितलं की हा धाकला दिन सुरू कसा झाला. नसीम सहावीत असताना वर्गात तिला उंचीवरून चिडवायचे आणि एके दिवशी ती शाळेत जाईना. नेमका तो वर्षातला सगळ्यात लहान दिवस होता. चाचांनी दुकान बंद केलं, तिला म्हणाले, वर्षालाही एक धाकटा दिवस असतो, त्याला कोणी टाकून देत नाही. चल, त्याला नटवू. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली.

त्यानंतर चाचांनी मला कधी मापलं नाही. सकाळी मी निघालो की ते ओट्यावर असायचे, पण नजर माझ्या चपलांवर. "निघालात?" इतकंच. मी ताडलं, यांना कळलंय. आता माझा संशय माझ्याच पाठीमागे लागला. त्यांनी बायकोला सांगितलं असेल का? समोरचे मास्तर आज बोलले नाहीत, ते का? रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. रोज पावणेसहा वाजायचे आणि मी दार ढकलून आत जायचो.

'तिकडे पोलीस आले होते' हे एक वाक्य गल्लीबाहेर गेलं आणि त्याच्यापुढचं, म्हणजे काहीच सापडलं नाही हे, गेलं नाही. भर हंगामात दुकान रिकामं राहायला लागलं. संक्रांतीनंतर एक टेम्पो आला. चाचा बिऱ्हाड घेऊन शिंदखेड्याला, चाचींच्या भावाच्या गावी गेले. पिंजायचं मशीन चढवायला मी हात लावला. ते म्हणाले, "राहू द्या, साहेब. कपड्यांना कापूस लागेल."

त्यांच्या जागी आता फोमच्या गाद्यांचं दुकान आहे. सगळ्या एकाच मापाच्या.

गेल्या महिन्यात मी शिंदखेड्याला गेलो. तीन वर्षं लागली मला तिथे पोचायला. धुळ्याला बस बदलली, आणि दोनदा परत फिरावंसं वाटलं. बाजाराच्या मागे दुकान सापडलं. काउंटरमागे नसीम. मला पाहून तिने हातातलं दाभण उशीत खोचलं आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"कोणी पाठवलं?" ती म्हणाली.

'गेटवाले काका' म्हणाली नाही.

"कोणी नाही. चाचा आहेत?"

"का?"

"बोलायचंय."

तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मी ज्या नजरेने पिशव्यांकडे पाहतो त्याच नजरेने. मी पिशवी उघडून दाखवली. केळी होती.

"अब्बा पावसाळ्यात गेले," ती म्हणाली.

मी खाली बसायला हवं होतं, पण कोणी बसा म्हटलं नव्हतं. उभ्या उभ्याच मी सांगितलं. फोन मी केला होता. शेजारी म्हणून लिहा असं मी म्हणालो होतो. हे चाचांना कळलं होतं हे मला माहीत आहे, आणि तरी मी माफी मागितली नाही.

तिने उशीत खोचलेलं दाभण आणखी आत दाबलं. मग म्हणाली, "अब्बांना नव्हतं माहीत."

"पण ते माझ्याकडे बघायचे नाहीत."

"ते कोणाकडेच बघायचे नाहीत. हवालदार जाताना म्हणाला होता, चाचा, लोकांना असं न्याहाळत जाऊ नका, लोक घाबरतात. त्या दिवसापासून त्यांनी कोणालाच मापलं नाही. खिडकीला बांधलेली टेप सोडवून घेतली. शेवटपर्यंत टेपनेच मोजलं. त्यांना त्याची सवय नव्हती, गाद्या चुकायच्या." तिने काउंटरवरचा कापसाचा धागा उचलून बोटाला गुंडाळला. "आम्ही म्हणायचो, फोन कोणी केला ते शोधा. ते म्हणायचे, बारा घरं. बाराही घरांवर संशय घेऊन बसलो तर झोप कशी येईल? आणि आपण झोप विकतो."

ती आत गेली. येताना गाठोडं घेऊन आली.

"इथेही दर वर्षी धाकला दिन करतो आम्ही. हा मामाला घालून पाहिला, भाऊजींना घालून पाहिला. कोणाला बसत नाही. तुमच्या मापाचा आहे. मग अब्बा तो खुर्चीवर ठेवायचे, दाराकडे तोंड करून." तिने गाठोडं काउंटरवर ठेवलं. "न्या. आम्हाला त्याचा काही उपयोग नाही."

मी ते उचललं. निघताना वळून पाहिलं, तर ती माझ्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहत होती, मग डोक्यापासून पायांपर्यंत. उजवा डोळा बारीक.

"चाळीस झालीय छाती," ती म्हणाली. "सैल होईल." आणि दाभण उचलून कामाला लागली. शिवण आत घेऊन देते असं ती म्हणाली नाही, आणि मीही मागितलं नाही.

काल धाकला दिवस होता. मी रजा घेतली नाही. सातला गेलो, पावणेसहाला परत आलो. कपडे बदलले आणि सूर्य अंगावर चढवला. छातीला खरंच सैल होत होता. खांद्याला मात्र अगदी बरोबर बसला. बायको माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "आज हे काय नवीन? कुठून आणलात?" मी म्हणालो, "सांगतो. आधी बाहेर जाऊन येतो."

मी आमच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. वाऱ्यावर नळ्यांचे किरण हलत होते, गोंडे एकमेकांना घासत होते. शेजारी फोमच्या दुकानातला माणूस शटर अर्ध्यावर सोडून बघायला लागला. पलीकडच्या खिडकीचा पडदा सरकला. कोणीतरी हळूच मोबाइल कानाला लावला.

गल्लीत कोणीही हसत नव्हतं. डोक्यावरचा गोल एका बाजूला कलला होता. तो मी सरळ केला नाही. दोन्ही हात जोडले आणि उजेड जाईपर्यंत तसाच उभा राहिलो.